पोराच्या डोक्याला करंट लावू का, ताई?

ताई नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, केळीवाला. पोरगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. शाळेतून दर दोन दिवसांनी फोन, बसत नाही, वही अर्धी सोडतो, दुसऱ्याचं काढून घेतो. जळगावच्या डॉक्टरांनी दोन-तीन वेळा बोलावलं, फॉर्म भरून घेतले आणि एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा आजार. गोळी दिली. पंधरा दिवस दिली तर डबा जसाच्या तसा परत येऊ लागला, म्हणून मिसेस म्हटली बंद करा, आम्ही बंद केली. आता मोबाईलवर एका मोठ्या शहरातल्या सेंटरची जाहिरात पाहिली. फोनवर म्हटले टोपी घालून डोक्याला बारीक करंट देतात, ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात, तीस सिटिंग, पंच्याऐंशी हजार, गोळी लागणारच नाही. साडूचा मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो इकडे सरकारमान्य कपाळाची पट्टी मिळते, दिवाळीला घेऊन येतो. मिसेस नाही म्हणते. आई म्हणते पोऱ्याले नजर लागी गयी. दादा म्हणतात मी बी असाच होतो, होईल नीट. दोन वर्षांचा असताना तापात एकदा झटका आला होता पण तो जुना विषय. आणि एक सांगा, हाच पोरगा शेतात दोन-दोन तास ठिबकचे ड्रिपर साफ करत बसतो, मग हा आजार खरा तरी आहे का? परवा आमचं बोलणं ऐकून मिसेसला विचारत होता, मला करंट देणार का. काय करू?
— एक बाप

भाऊ,

आधी सरळ उत्तर देते, बाकीचं मग निवांत वाचा. पंच्याऐंशी हजार आत्ता भरू नका. ॲडव्हान्सही भरू नका, "ऑफर ह्या महिन्यापुरती आहे" असं म्हटले तरी नाही. अमेरिकेची पट्टीही मागवू नका. आणि बंद केलेल्या गोळीबद्दल त्याच डॉक्टरांकडे एकदा परत जा, त्यावर खाली बोलते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडकले तिथून सुरू करते, ती म्हणजे "तापात झटका आला होता पण तो जुना विषय". भाऊ, करंटच्या बाबतीत तो जुना विषय नसतो. लहान लेकरांना जोराच्या तापात आकडी येते, बहुतेकांची एकदा येऊन जाते आणि पुढं काही होत नाही, त्यामुळे घाबरायचं काही नाही. पण मेंदूला बाहेरून चुंबक किंवा करंट लावायचा असेल तर सगळ्यात पहिला प्रश्न हाच असतो, की फिट आली होती का, घरात कोणाला येते का, डोक्यात काही धातू आहे का, कानात मशीन आहे का. तुम्ही लिहिलंय की फोनवर दर सांगितला, सिटिंग सांगितल्या. हा प्रश्न विचारल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. ज्यांनी रेट आधी सांगितला आणि आकडीचं विचारलंच नाही त्यांच्याबद्दल माझं मत तिथंच झालं.

आता ही भानगड आहे तरी काय ते. "ब्रेन स्टिम्युलेशन" हे एकाच गोष्टीचं नाव नाही, सेंटरवाले सगळं एकाच पिशवीत टाकतात म्हणून गोंधळ होतो. एक असतं टीएमएस, त्यात डोक्याजवळ कॉइल धरतात आणि चुंबकाचे झटके देतात, टकटक आवाज येतो. ते खोटं नाही, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-मशीनं मान्य करणाऱ्या तिकडच्या सरकारी खात्यानं, २००८ मध्ये मोठ्या माणसांच्या डिप्रेशनसाठी त्याला मान्यता दिली. पण ती डिप्रेशनसाठी, नऊ वर्षांच्या चंचल पोरासाठी नाही. मिरचीवरचं औषध केळीवर मारलं तर कसं, तसं. दुसरं असतं टीडीसीएस, तुम्हाला सांगितलेली टोपी बहुतेक हीच. त्यात एक ते दोन मिलीअँपिअर करंट ओल्या स्पंजमधून कपाळावर किंवा डोक्यावर देतात, वीसेक मिनिटं. तुमच्या पाच एचपीच्या मोटारीला सात-आठ अँपिअर लागत असतील, हा एका अँपिअरचा पाचशेवा भाग. त्यामुळे जीवाला धोका वगैरे नाही, खाज येते, मुंग्या येतात, कातडी लाल होते, कोणाचं डोकं दुखतं. प्रश्न धोक्याचा कमी आणि उपयोगाचा जास्त आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०२१ मध्ये एडीएचडीच्या ५० मुलग्यांवर हे करून बघितलं, पंधरा सिटिंग, सोबत कॉम्प्युटरवरचे लक्ष वाढवायचे खेळ. अर्ध्यांना खरा करंट, अर्ध्यांना नुसती टोपी. शेवटी खऱ्या करंटवाल्यांना नुसत्या टोपीपेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही.

तिसरी ती साडूच्या मुलाची कपाळाची पट्टी. तिचं नाव ईटीएनएस. तो मुलगा खोटं बोलत नाही, एफडीएनं एप्रिल २०१९ मध्ये ती मान्य केली हे खरं आहे, ७ ते १२ वर्षांच्या आणि एडीएचडीची गोळी चालू नसलेल्या मुलांसाठी. झोपताना कपाळावर पट्टी चिकटवायची, वायर छोट्या मशीनला, रात्रभर कपाळाच्या नसेला बारीक करंट. तुम्ही वाचलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं की चला, सरकारनं मान्य केलंय ना, झालं. पण ते मान्य कशावर केलं ते बघायला पाहिजे, आणि ते समजवायला मला तुमच्याच बागेत यावं लागेल.

समजा कृषी केंद्रवाल्यानं तुम्हाला नवीन टॉनिक दिलं, म्हटला ठिबकमधून सोडा, घड वजनदार येईल. तुम्ही सोडलं. त्याच पंधरवड्यात दोन पाऊस चांगले पडले, तुम्ही उत्साहात खतही वेळेवर दिलं, बागेत चक्करही जास्त मारल्या. बाग हिरवीगार झाली. आता कोणामुळं झाली? टॉनिकवाला म्हणेल माझ्यामुळं. तुमचे दादा काय म्हणतील? ते म्हणतील दोन ओळी बिगर टॉनिकच्या सोडल्या होत्या का? सोडल्या असत्या आणि त्याही तितक्याच हिरव्या झाल्या असत्या तर टॉनिकचे पैसे पाण्यात. तुमच्याकडं हे लहान पोरालाही कळतं. मग पोराच्याच बाबतीत आपण कोरी ओळ का सोडत नाही?

त्या पट्टीच्या चाचणीत कोरी ओळ सोडली होती, म्हणून ती बघण्यासारखी आहे. ६२ मुलं, चार आठवडे. अर्ध्यांना खरी पट्टी, अर्ध्यांना दिसायला सेम पण करंट नसलेली. लक्षणं मोजायचा एक तक्ता असतो, ५४ पर्यंत मार्क, जितके जास्त तितका त्रास जास्त. खऱ्या पट्टीवाल्यांचे मार्क ३४.१ वरून २३.४ वर आले. भारी वाटतं ना? आता कोऱ्या ओळीकडे बघा, नुसती चिकटपट्टी लावलेल्या मुलांचे मार्कही ३३.७ वरून २७.५ वर आले. काही न देता सहा मार्क कमी. का? कारण चार आठवडे आईबाप रोज रात्री पोराजवळ बसले, पट्टी लावली, सगळ्यांनी आशा धरली, पोराकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं, आणि दोषही कमी दिसायला लागले. हे सहा मार्क खोटे नाहीत हं, पण ते पट्टीचे नाहीत.

आणि पुढची गोष्ट साडूच्या मुलाला बहुतेक माहीत नसेल. किंग्ज कॉलेजवाल्यांनी तीच पट्टी परत तपासली, ह्या वेळी १५० मुलं घेतली, ८ ते १८ वयाची, चार आठवडे, आणि नकली पट्टी जास्त हुशारीनं बनवली, तिच्यातूनही मधून मधून नावापुरता करंट यायचा म्हणजे कोणालाच अंदाज बांधता येऊ नये. निकाल २०२६ च्या सुरुवातीला आला. खऱ्या आणि नकली पट्टीत फरक नाही. म्हणजे कोरी ओळ नीट सोडली तेव्हा टॉनिक उघडं पडलं. त्रास फार काही झाला नाही म्हणतात, सुरक्षित आहे, पण सुरक्षित तर पाणीही आहे.

म्हणून म्हणते, मागवू नका. आणि ऑनलाईन दोन-चार हजारात डोक्याला लावायचे किट मिळतात ते तर अजिबातच नाही, पोराच्या वाढत्या मेंदूवर घरच्या घरी प्रयोग करायचा नसतो.

मी हे तोऱ्यात सांगत नाहीये भाऊ. पंधरा-एक वर्षांपूर्वी आपल्याकडं "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन"ची साथ आली होती, आठवत असेल तुम्हाला, पोरं डोळ्याला पट्टी बांधून रंग ओळखायची, नोटांचे नंबर वाचायची, हॉलमध्ये टाळ्या. मी शाळेत मुलं शिकवणारी बाई, बीएड झालेली, आणि मी माझ्या लेकाला घातलं होतं. वीस हजार भरले होते, तेव्हाचे. एका रविवारी मी घरी त्याच्या डोळ्यांवरची पट्टी नाकाजवळ नीट दाबून बसवली तर त्याला काहीच वाचता येईना, आणि मग रडत म्हटला, आई खालच्या फटीतून दिसतं ना, सर म्हणतात सांगायचं नाही. त्या दिवशी मला वीस हजारांपेक्षा त्याला खोटं बोलायला आपण शिकवलं ह्याचं जास्त लागलं. तेव्हापासून "मेंदू" शब्द आणि पॅकेजचा रेट एका जाहिरातीत दिसला की मी आधी पट्टीची फट शोधते.

आता तुमच्या ड्रिपरचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. तुम्ही म्हणता दोन तास ड्रिपर साफ करतो मग आजार कसला. मी तुमच्याकडं आले नाही पण मला दिसतंय तो, बांधावर बसलेला, नळीतून ड्रिपर ओढून काढतो, तोंडाला लावून फुंकतो, क्षार अडकलेला असला तर काडीनं टोकरतो, परत बसवतो, पाणी टपकलं की लगेच पुढचा. ह्यात काय काय आहे बघा. हाताला काम आहे. एका मिनिटात निकाल दिसतो, टपकलं की टपकलं. कोणी "नीट बस" म्हणत नाही. चुकलं तर परत काढता येतं. आणि शाळेतला मराठीचा धडा? तिथं ह्यातलं एकही नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष नसणं नाही, लक्षाचा व्हॉल्व्ह आपल्या हातात नसणं. जे मेंदूला लगेच बक्षीस देतं तिकडं पूर्ण फोर्सनं पाणी, आणि जे उशिरा देतं तिकडं थेंब नाही. म्हणून मोबाईलवर गेम तासभर खेळतो आणि पाढे दोन मिनिटं नाही. ड्रिपर साफ करणं हा आजार नसल्याचा पुरावा नाही, उलट पोराला कसं शिकवायचं त्याचा नकाशा आहे तो.

आणि दादा "मी बी असाच होतो" म्हणतात ते त्यांनी गमतीत म्हटलं असेल पण डॉक्टरला सांगा ते. हा प्रकार घरात चालत येतो, उंची जशी येते जवळजवळ तसा. दादांचं निभलं कारण त्यांना सात-आठ तास बाकावर बसायचं नव्हतं, बैल हाकायचे होते. आईंनाही सांगा की नजर काढायची तर काढा, मीठ-मोहऱ्या ओवाळल्यानं कोणाचं वाईट होत नाही, फक्त पोरासमोर "ह्याला काहीतरी लागलंय" म्हणू नका.

गोळीचं बोलू. तुम्ही नाव लिहिलं नाही पण पंधरा दिवसात डबा परत येऊ लागला म्हणजे बहुतेक मिथाइलफेनिडेट. ही गोळी बदनाम आहे, आणि मिळायला पण कटकटीची आहे, शेड्यूल एक्स ह्या कडक नियमांच्या यादीत येते म्हणून चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, गावातलं मेडिकल ठेवतच नाही, त्यामुळे जळगावला चक्कर, आणि मग माणसाला वाटतं एवढं कडक आहे म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. कायदा कडक आहे कारण मोठी माणसं तिचा गैरवापर करतात. डॉक्टरच्या मापानं दिलेल्या पोराला नशा लागत नाही. तिच्याबद्दल जेवढा अभ्यास झालाय तेवढा पोरांच्या फार कमी औषधांबद्दल झालाय. २०१८ मध्ये लॅन्सेट सायकिअट्री ह्या डॉक्टरी नियतकालिकात १३३ चाचण्यांचा एकत्र हिशोब आला, त्यात मुलांसाठी पहिली पसंती म्हणून हीच गोळी निघाली. बहुतेक चाचण्या कोऱ्या ओळीवाल्याच.

पण भूक मरते, हे खरं आहे आणि हे डॉक्टरांनी तुम्हाला आधीच बजावून सांगायला पाहिजे होतं. बरेचदा ओपीडीत सांगायला वेळ नसतो आणि आपल्यालाही विचारायचं सुचत नाही. साधी गोळी अर्ध्या-एक तासात चढते आणि तीन-चार तासात उतरते, लांब चालणारी आठ ते बारा तास. म्हणजे भूक दुपारीच मेलेली असते, सकाळी आणि रात्री नसते. मग जेवणाचं घड्याळ सरकवायचं. गोळीच्या आधी सकाळी पोटभर, दादर ज्वारीची भाकरी, दूध, केळं तर घरचंच आहे. डब्याला फार मनावर घ्यायचं नाही, दोन घास आणि शेंगदाण्याचा लाडू. आणि रात्री आठला गोळी उतरल्यावर बघा कसा तुटून पडतो, तेव्हा कळण्याची भाकरी-भरीत जे असेल ते वाढा, "आता काय जेवतो रे" म्हणू नका. महिन्याला वजन, तीन-चार महिन्यांनी उंची, नाडी, बीपी डॉक्टरकडून तपासून घ्या. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, आणि नाहीच जमलं तर ॲटोमॉक्सेटिन म्हणून वेगळ्या जातीचं औषध आहे, ते सावकाश चढतं, गुण यायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसात एका डोसवर "गोळी लागू पडली नाही" असा निकाल लागत नसतो. तुम्ही केळीची टिश्यू-कल्चरची रोपं लावून पंधरा दिवसात घड शोधता का?

मिसेसनी बंद करा म्हटलं त्यात त्यांची काही चूक नाही हं. परत आलेला डबा उघडून त्याच बघतात, तुम्ही बागेत असता.

गोळीच्या बरोबरीनं, खरं तर तितक्याच महत्त्वाचं, घरातली वागणूक बदलायची असते आणि तिला प्रशिक्षण लागतं, आईबापाला, पोराला नाही. जळगावला, धुळ्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डीईआयसी म्हणून विभाग असतो, ० ते १८ वयाच्या मुलांसाठी, मोफत, तिथं सायकॉलॉजिस्टबद्दल विचारा. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. एवढ्या लांब जायचं नसेल तेव्हा १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारचा नंबर आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे. पंच्याऐंशी हजारातले आठशे रुपये एसटी आणि चहाला जातील, बस.

तोवर घरी एक करून बघा. तुमच्याच ड्रिपरवरून सुचलंय. गृहपाठाला अख्खी वही समोर ठेवू नका. एका कागदावर चार गणितं, बाकी झाकून ठेवा, स्वयंपाकघरातलं टायमर दहा मिनिटांवर. चार झाली की लगेच, म्हणजे त्याच क्षणी, संध्याकाळी नाही, काहीतरी चांगलं, एक टाळी, एक खूण कॅलेंडरवर, अंगणात एक चक्कर. मग पुढची चार. सूचना एका वेळी एकच, आणि लांबून ओरडून नाही, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवून. "हातपाय धू, दप्तर आवर, आणि बाबांना पाणी दे" ह्यातलं त्याला फक्त शेवटचं आठवेल, तुम्ही म्हणाल ऐकत नाही. आणि दिवसभरात जेवढे "अरे नको" निघतात तेवढेच "बरं केलंस" निघतात का ते एक दिवस मोजा. मी मोजले होते माझ्या वर्गात एका पोराचे, एका तासिकेत एकवीस नको, एक बरं. आणि ते बरं पण शिपाईमामांनी म्हटलं होतं.

शाळेत बाईंना भेटा, तक्रार घेऊन नाही, चिठ्ठी घेऊन. पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब. फळा पुसायचं, वह्या वाटायचं काम त्याच्याकडं, म्हणजे उठायला कायदेशीर कारण. लिहायला कमी. आणि एकदा वाचन-लेखनाचीही तपासणी करून घ्या, कारण बऱ्याच पोरांना ह्याच्या जोडीला लर्निंग डिसॅबिलिटी असते, आणि ती २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये येते, पुढं दहावीला सवलतीचा प्रश्न येईल तेव्हा सर्टिफिकेट लागेल. डोळे, कान, रक्त, आणि रात्री घोरतो का तेही बघा, ज्याची झोप नीट होत नाही तो पोरगा दिवसा वेड्यासारखा पळतो.

हे सगळं सहा महिने मनापासून करून, गोळ्यांचं माप नीट बसवून, तरी गाडी पुढं सरकलीच नाही तर मग स्टिम्युलेशनचा विचार अजिबात करायचाच नाही असं मी म्हणणार नाही. विज्ञान थांबलेलं नाही, उद्या चांगलं काही निघेलही. पण तेव्हाही ते मेडिकल कॉलेजच्या रीतसर संशोधनात, कोरी ओळ असलेल्या, लेखी संमती घेणाऱ्या, पोरालाही विचारणाऱ्या ठिकाणी. आणि एक खूण लक्षात ठेवा, खऱ्या संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. पंच्याऐंशी हजार मागणारा तुमच्यावर प्रयोग करत नसून तुम्हाला माल विकतोय. फारच मोह झाला तर त्यांना एकच विचारा, साहेब, तुमच्या टोपीला कोरी ओळ कुठं आहे? ते व्हिडिओ दाखवतील, एखादी आई रडत आभार मानतेय असा. ती आई खोटी नसेल हो. तिचे ते सहा मार्क.

केळीला बऱ्हाणपूरच्या बाजाराचा भाव बरा मिळाला की आपल्या माणसाचा हात सैल होतो, पोरासाठी तर आणखीनच, हे मला कळतं. पैसे ठेवून द्या. पुढं ट्यूशन, तपासण्या, रजेचे दिवस, खूप लागतात.

राहता राहिला तो स्वतः. "मला करंट देणार का" असं ज्या पोरानं विचारलं त्याच्यासाठी करंट म्हणजे तुमच्या मोटारीचा स्टार्टर. त्यानं तुम्हाला ओल्या हातानं बटण दाबताना ओरडा खाताना पाहिलं असेल, कोणाला तरी शॉक बसल्याचं गावात ऐकलं असेल. आणि त्याला वाटतंय शाळेत नीट बसलो नाही म्हणून आता तोच माझ्या डोक्याला लावणार. आज रात्रीच सांगा, तुम्ही सांगा, मिसेसवर टाकू नका. एवढंच म्हणा की कोणी करंट देणार नाही, तू वाईट म्हणून दवाखान्यात नेत नाही, तुझं डोकं जोरात पळतं आणि त्याला ब्रेक जरा उशिरा लागतो, तो नीट करायला आपण तिघं मिळून शिकणार. मग त्याला विचारा शाळेत सगळ्यात अवघड काय वाटतं. आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, मधेच तो उठून पाणी प्यायला जाईल, जाऊ द्या, परत येईल.

दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा, गोळी दिली का, सकाळी काय खाल्लं, शाळेतून फोन आला का, रात्री किती वाजता झोपला. ती वही घेऊन डॉक्टरकडं जा आणि मला पण कळवा.

आणि हो, स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावा. अशा पोरांचे अपघात जास्त होतात, आणि ड्रिपर संपले की तो तिकडंच वळणार.

तुमची,
ताई